बारीच्या तळघरात बोललेला नवस

गनी भंडारीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर त्याचा कुणी शत्रू येऊन सांगेल. हा माणूस तीस वर्षं स्वयंपाकी होता, आणि त्याच्या घरात सगळ्यात चांगलं जेवण त्याची बायको करायची. हे त्यालाही माहीत होतं. दुबईच्या देऱ्यात, खाडीच्या काठाला, दोरखंड विकणाऱ्या एका इराण्याच्या दुकानामागं त्याची खाणावळ होती. पाटी नव्हती. वासावर या, असा कारभार. गिऱ्हाईक म्हणालं, "गनीभाई, आज कालवण झकास!" की हा आतल्या पडद्याकडे बघून ओरडायचा, "ऐकलंस काय गो? माझं नाव होतंय!" आतून जैनबभाभीचा पळा टोपावर एकदा टण्णकन वाजायचा. तेवढंच उत्तर.

गनी हर्णैकडचा. पंधराव्या वर्षी मुंबईला जाऊन जहाजात चढला. खलाशांसाठी जो रांधतो त्याला आमची जहाजी माणसं भंडारी म्हणतात, म्हणून हा गनी भंडारी. इंग्रज कंपन्यांच्या जहाजांत बसून अर्धी दुनिया बघितली, म्हणजे अर्ध्या दुनियेच्या धक्क्यांवर कांदे सोलले. पुढे जमीन धरली ती दुबईत. तेव्हा इथं एक देश नव्हता. सात शेखांचे सात मुलूख होते. रुपया आपलाच चालायचा आणि वीज असली तर असायची.

मी जवळच एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. टायपिस्ट म्हणजे काय, गावभरची लेटर्स माझ्या बोटांखालून जायची. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची बायको येतेय, कुणाची यायला नको म्हणतेय, सगळं. लोक म्हणतात मला चहाडीची सवय आहे. सवय नाही, ते माझं ऑफिस वर्क होतं.

सहासष्ट सालच्या जानेवारीत गनीभाई दुपारचा ऑफिसात आला. खांद्यावर पंचा, हाताला हळद.

"एक लेटर मारायचं. हमदुल्ला सारंगाला. त्याचं जहाज बसऱ्याला आहे. पुढच्या महिन्यात इथं सिमेंट उतरवील आणि परत इटलीला जाईल. त्याचा भंडारी आजारी पडून मुंबईला उतरलाय. लिही, मी येतो."

मी यंत्रावरचे हात उचलले. "गनीभाई, पन्नाशी उलटली. पोरीचा निकाह तोंडावर. आता दर्यावर कशाला? भाभीनं हाकललं की काय?"

"लिही रे."

"कारण लिहावं लागतं. ऑफिशियल असतं."

गनीनं मागं वळून बघितलं, दार लोटलं, आणि मला ते कारण सांगितलं. माझ्यासारख्याला सांगितलं! यावरून त्याची त्या दिवशी काय अवस्था होती ते समजा.

सत्तेचाळीस सालच्या हिवाळ्यात त्याचं जहाज गहू घेऊन इटलीतल्या बारी बंदराला लागलं होतं. लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. धक्क्यावर त्याला गावचं पत्र मिळालं, की दुसरं मूलही गेलं. पहिलं सव्वा महिन्याचं गेलं होतं, हे अकरा दिवसांचं. गनी जहाजातून उतरला आणि सुटला तो जुन्या शहरात. गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं. पाऊस. समोरून बंदरावरचे पाच-सात खलाशी येत होते, टोप्या हातात धरून. ते एका दगडी भिंतीतल्या लहान दारात शिरले. गनी त्यांच्या मागं. थोड्या पायऱ्या खाली उतरल्यावर जमिनीखाली एक दालन. छप्पर बुटकं, कमानींचं, आणि खाली दगडी खांबांचं रान. खांब तरी कसे, एकाचा माथा दुसऱ्यासारखा नाही. दिवे टांगलेले. बायका डोक्यावरून कपडा घेऊन बसलेल्या. समोर कबर, आणि ते खलाशी गुडघ्यांवर बसून दगडाला कपाळ लावत होते. एका कोपऱ्यात तांबूस रंगाचा खांब. पोरी येऊन त्यावरून हात फिरवत आणि लाजत.

आता तुम्हीच सांगा, कोकणातल्या मुसलमानानं काय समजावं? जमिनीखाली कबर, तेलाचे दिवे, दर्यावर्दी माणसांची रांग, लग्न होईना म्हणून आलेल्या पोरी. दर्गा! दर्यापीराचा दर्गा! आमच्या किनाऱ्यावर दर दोन खाड्यांमागे असा एक आहे. गनीनं बूट काढले, फातिहा म्हटला, आणि तिथंच नवस बोलला: "या अल्ला, या पीराच्या सदक्यानं एक मूल जगू दे. ते उजवायच्या आधी मी माझ्या हातानं इथं हिरवी चादर चढवीन."

मग तो दुसऱ्या जिन्यानं वर आला. वर हे भलंमोठं देऊळ, घंटा, क्रूस, झगेवाले पाद्री. गनी तिथंच बसला. आठशे-नऊशे वर्षांचं जुनं चर्च, आणि हा त्याच्या तळघरात नवस बोलून मोकळा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बोललो ते बोललो. पुढच्या साली शहनाझ झाली. जगली. आता ती उजवायची आहे, आणि चादर चढवायची राहिलीय."

मी लेटर टाइप केलं. एकही चूक न करता. आणि संध्याकाळी दाढीला गेलो तेव्हा फक्त अजीज न्हाव्याला सांगितलं. एकट्याला. कसम खाऊन सांगतो, दुसऱ्या कुणालाही नाही. पुढचं अजीजच्या वस्तऱ्यानं केलं. मान खाली घालून बसलेल्या माणसाला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं.

आठवड्यात बातमी उम्म अल कुवैनला पोचली. तिथं खैरुद्दीन राहायचा. शहनाझचा होणारा सासरा. सुक्या मासळीचा व्यापार, लांब दाढी आणि त्याहून लांब तत्त्वं. शब्दाचा असा कडक की एका बलुच्यानं शुक्रवारी द्यायची खेप शनिवारी आणली, तर यानं ती घेतली, पैसे मोजले, आणि पुन्हा त्या माणसाशी आयुष्यभर सौदा केला नाही. मुलगा इद्रीस मात्र लोण्यासारखा. तो अल ऐनला एका कॉन्ट्रॅक्टरच्या कॅम्पवर स्टोअरकीपर होता आणि शहनाझचं नाव निघालं की गाडीचं ग्रीस पुसायच्या फडक्यानं तोंड पुसायचा. बकरी ईद झाली की निकाह, असा शब्द वर्षापूर्वीच झाला होता.

खैरुद्दीन लँडरोव्हरमध्ये बसून, समुद्राच्या ओल्या वाळूवरून, थेट खाणावळीत आला. मी तिथं योगायोगानं होतो. बरं, योगायोगानं नव्हतो.

"गनी, लोक म्हणतात ते खरं?"

"लोक पुष्कळ म्हणतात. जेवणार?"

"माझी सून चर्चमधल्या नवसाची आहे म्हणतात. आणि तू आता निकाहाच्या तोंडावर तिथं चादर घेऊन चाललास म्हणतात."

खाणावळीत पंधरा माणसं होती. पंधरा घास हवेत थांबले. इथं गनीला वाचायला सतरा वाटा होत्या. म्हणायचं, तुर्कस्तानातला दर्गा आहे. म्हणायचं, अजीज न्हावी खोटारडा आहे; सगळ्यांनी मानलं असतं. मी मागून खुणाही केल्या. गनी म्हणाला,

"खरं आहे."

"गनी, ऐक. तरुणपणी चूक झाली, मान्य. तोबा कर, विसर. इथंच गरिबांना जेवू घाल. पण तू त्या जहाजावर चढलास, तर निकाह खलास."

आतला पळा वाजला नाही. पडद्यामागं जैनबभाभीही थांबली होती.

"खैरुद्दीनभाई," गनी म्हणाला, "मागितलं अल्लाकडेच. जागा कुणाची ते मला नंतर कळलं. पण तिथं उभा राहून मी शब्द दिला. तुम्हाला दिलेला शब्द एक वर्षाचा आहे, तो एकोणीस वर्षांचा. जुना आधी फेडू दे. मग तुम्ही द्याल ती शिक्षा."

खैरुद्दीन न जेवता गेला. खाणावळीच्या इतिहासात पहिल्यांदा.

रात्रंदिवस सगळे गनीला समजावत होते. मीही समजावलं, कारण आग माझ्याच तोंडून लागली होती. "गनीभाई, पोरीचं आयुष्य आहे." तो नुसता कांदा चिरत राहिला. शेवटी मी भाभीकडे गेलो. पडद्याच्या बाहेरून म्हटलं, "भाभी, तुम्ही थांबवा त्यांना. तुमचं ऐकतात."

आतून एक बोचकं बाहेर सरकलं. उघडून बघितलं तर चादर. हिरवं रेशीम, कडेनं जरीची बारीक वेल. टाके असे की सुई कुठं शिरली आणि कुठं निघाली ते दिसू नये.

"शहनाझला दात आले तेव्हा शिवायला घेतली," भाभी म्हणाली. "दोन पुरलेत मी. तिसरीच्या वेळी कुणी विचारलं नाही नवस कुठला. आता विचारतात. जाऊ दे त्यांना. आणि तुम्ही टायपिस्ट, उद्यापासून जेवणाचे पैसे आधी ठेवायचे."

मी ठेवत गेलो. 

फेब्रुवारीत गनीनं आपली जुनी नळी बाहेर काढली. खलाशाच्या सरकारी दाखल्याला जहाजी लोक नळी म्हणतात. तिच्यातल्या फोटोत याच्या डोक्यावर केस होते. हमदुल्ला सारंगानं शिडीवरूनच हाक मारली, "ये रे व्याह्याविना व्याही! भट्टी तुझी वाट बघतेय." खाडीच्या तोंडाबाहेर जहाज उभं होतं. मी नावेतून सोडायला गेलो. ढेकळासारखा दिसणारा तो जाडा माणूस बोचकं छातीशी धरून एका हातानं दोरशिडी चढला. खाली मी शिडीचं टोक धरून.

पुढचं मला हमदुल्लानं सांगितलं, आणि गनीनं त्यातलं अर्धं खोडून काढलं. जे दोघांनीही मान्य केलं तेवढंच लिहितो.

बारीला जहाज लागलं त्या सकाळी ऊन होतं. दोघं जुन्या शहराकडे निघाले. धक्क्याजवळ कोळी माकुलाच्या जातीचं आठ पायांचं जनावर दगडावर आपटून मऊ करत होते. गनी तिथं दहा मिनिटं उभा, कारण त्याला वाटलं ते चुकीचं आपटतायत. पुढे गल्लीत बायका दारादारांत पाट मांडून कणकेच्या वाट्या वळत होत्या, अंगठ्यानं दाबून, कानाएवढ्या. गनी पुन्हा थांबला. एका म्हातारीनं त्याच्या हातात कणीक दिली. यानं शेवयांच्या हातानं अशी एक बारीक वळी काढून दाखवली की म्हातारीनं शेजारणीला बोलावलं. हमदुल्ला वैतागला. "नवस फेडायला आलास की खाणावळ काढायला? यल्ला, चल!"

दार सापडलं. पण खाली उतरल्यावर गनी घाबरला. तळघर तेच, खांब तेच, पण सगळं घासून-पुसून उजळलेलं, आणि तो तांबूस खांब लोखंडी जाळीत. पुढे कळलं, मधल्या काळात दुरुस्ती झाली होती. गनीला वाटलं, जागाच चुकली. मग त्याला एक खांब दिसला ज्याच्या माथ्यावर कोरलेलं जनावर होतं. त्याला धरूनच तो एकोणीस वर्षांपूर्वी रडला होता. तिथं हात लावला, आणि म्हणाला, "हेच."

बूट जिन्यावर काढलेले. हमदुल्ला म्हणत होता, "दर्ग्यात चपला जातात, इथं जाणार नाहीत याची गॅरंटी काय?" आणि गनीनं बोचकं सोडलं.

हिरवी चादर पसरताच पांढऱ्या झग्यातला म्हातारा पाद्री धावत आला. हात आडवा. नो, नो. गनीला इटालियन येत नव्हतं; त्याला फक्त मीठ, तेल, मासा आणि शिव्या येत. शिव्या तिथं चालणार नव्हत्या. मग त्यानं हातांचा पाळणा केला. तो हलवला. मग तो थांबवला आणि हात रिकामे दाखवले. पुन्हा पाळणा, पुन्हा रिकामे. मग पुन्हा पाळणा, आणि हात हळूहळू वर नेला, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, खांद्याएवढी. मग डोक्यावरून ओढणी घेतल्यासारखं केलं, आणि कबरीकडे बोट दाखवून छातीवर हात ठेवला.

पाद्री बघत राहिला. बाकांवर बसलेल्या बायकांना मात्र सगळं कळलं होतं. मघाची कणीकवाली म्हातारी मागूनच आली होती. ती उठली, पाद्र्याला दोन वाक्यं सुनावली, आणि चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं. हमदुल्ला म्हणतो, "त्या बाईचा आवाज आणि जैनबभाभीचा पळा, एकच."

दोघांनी चादर कबरीसमोरच्या कठड्यावर घातली. गनीनं फातिहा म्हटला. म्हातारी तिच्या भाषेत काही म्हणाली. दोघांचं एकाच वेळी संपलं, म्हणे. एवढं एक मात्र मी हमदुल्लाच्या तोंडाचं लिहितोय, गनी म्हणतो तिचं लांबलं.

आणि मग पाद्र्यानं चादर काढली. घडी केली. गनीच्या हातात परत दिली.

गनीचं तोंड पडलं. एकोणीस वर्षं, चार हजार मैलांचा दर्या, मोडलेला निकाह, आणि नवस नाकारला! तो पायऱ्या चढायला लागला. हमदुल्लानं त्याचा दंड धरला. "अरे गाढवा, आपल्याकडे चादर चढवल्यावर मुजावर काय करतो?"

गनी थांबला. आपल्याकडे चढवलेली चादर कधी कधी मुजावर घडी करून भक्ताच्या डोक्यावर ठेवतो. तबर्रुक. घरी न्या, बरकत असते. गनी परत खाली गेला, पाद्र्यासमोर मान वाकवून उभा राहिला. त्या बिचाऱ्याला काय समजलं देव जाणे, पण त्यानं घडी उचलून गनीच्या डोक्यावर टेकवली.

वर आले तर बूट जागेवर, आणि गनीच्या बुटात दोन नाणी. कुणीतरी भिकाऱ्याचे समजून टाकलेली. हमदुल्ला जहाजापर्यंत हसत होता. गनीनं ती नाणी परत जाऊन पेटीत टाकली. धक्क्यावर जहाजाच्या एजंटनं सांगितलं, हा संत खलाशांचाच. नऊशे वर्षांपूर्वी इथल्याच नाविकांनी त्याची हाडं तुर्कांच्या किनाऱ्यावरून जहाजात घालून आणली.

"मग तो आपल्यातलाच," गनी म्हणाला. "परमुलखात नोकरीला आलेला. सुट्टी मिळालेली दिसत नाही."

बकरी ईद होऊन पाच दिवस झाले तेव्हा जहाज टाइल्स घेऊन दुबईला आलं. पुढच्या वर्षी सुवेझचा कालवाच बंद पडला. एक वर्ष थांबला असता तर नवस आफ्रिकेला वळसा घालून फेडावा लागला असता.

गनी खाणावळीत शिरला तर आत खैरुद्दीन बसलेला. समोर ताट नव्हतं. इद्रीस दाराशी उभा, तोंडाला ग्रीस. पडद्यामागं भाभी आणि शहनाझ. मी कोपऱ्यात, पैसे आधी ठेवून.

"फेडलास?" खैरुद्दीननं विचारलं.

"फेडला."

"कोण साक्षीला?"

"मी," हमदुल्ला म्हणाला, आणि सगळं सांगितलं. पाळणा, म्हातारी, घडी, बुटातली नाणी. नाण्यांना खैरुद्दीनची दाढी थोडी हलली, पण त्यानं सावरलं.

"गनी, तू तेव्हा खोटं का नाही बोललास? हा टायपिस्ट मागून हातवारे करत होता, मी बघितलं."

"तुम्ही शब्दाची माणसं. खोट्यावर दिलेली पोरगी तुमच्या घरात कशी नांदली असती?"

खैरुद्दीननं समोरच्या रिकाम्या चटईवर हात फिरवला. मग म्हणाला, "मला ते चर्च पटलेलं नाही. मरेपर्यंत पटणार नाही. पण एक दिवसाच्या उशिरासाठी मी एका माणसाला आयुष्यभर टाकलं. हा माणूस एकोणीस वर्षांनी कांदे सोलत दर्यापार जातो, पोरीचं लग्न मोडायची वेळ आली तरी. याला व्याही म्हणून नको म्हटलं तर लोक मला काय म्हणतील?" मग आवाज चढवून, "आणि इथं माणसाला जेवायला विचारायची पद्धत आहे की नाही?"

आत पळा टोपावर वाजला. टण्ण, टण्ण, टण्ण. तीन वेळा मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

निकाह उम्म अल कुवैनला झाला, खैरुद्दीनच्या अंगणात, ताडपत्रीच्या मांडवाखाली. शहनाझच्या डोक्यावर तीच हिरवी चादर होती, ओढणी करून. बायकांनी मला नंतर सांगितलं, तिच्या एका टोकाला कणकेचा पांढरा डाग होता आणि जैनबभाभीनं तो धुऊ दिला नाही. गनी स्वतःच्या पोरीच्या लग्नात भट्टीसमोर, घामाघूम, बिर्याणीच्या डेगेवर. दुसऱ्या कुणाच्या हाती झारा द्यायला तयार नाही.

आणि जेवणाच्या पंगतीत कोण बोलत होतं? खैरुद्दीन! शारजाच्या, अजमानच्या पाहुण्यांना, मोठ्यानं: "माझा व्याही! जमिनीखाली चाळीस पायऱ्या उतरला, बाबा! समोर पन्नास पाद्री! एकटा उभा राहिला, म्हणाला, मी दर्यावर्दी आहे, शब्द फेडायला आलोय, बाजूला व्हा!"

मी डेगेकडे गेलो. "गनीभाई, ऐकताय? पायऱ्या चाळीस झाल्या. पाद्री पन्नास. ही गोष्ट माझी होती, आधी मी पसरवली."

गनीनं झारा थांबवला, कान दिला, पाहुण्यांकडे एकदा बघितलं. पंच्यानं तोंड पुसलं आणि माझ्या ताटात मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा घातला.

"बोलू दे त्याला," म्हणाला. "पन्नास असते तरी उतरलो असतो."